जहाज विका, पण शेवटाचा खर्च आधी बाजूला काढा

2025 च्या जुलैत रॉटरडॅम बंदरातून ‘अस्टोरिया’ नावाचं एक म्हातारं प्रवासी जहाज टगने ओढून बेल्जियममधल्या गेंटला नेलं. तिथल्या गालू या भंगार कंपनीने ते 2 लाख युरोंना घेतलं होतं. रुपयांत 2 कोटींच्या आसपास. मुंबईच्या उपनगरात एवढ्यात एक बऱ्यापैकी फ्लॅट येतो. 160 मीटर लांबीचं, पाण्यात उतरून 79 वर्षं होत आलेलं जहाज या भावात गेलं आणि जहाजप्रेमी मंडळींत वाद पेटला. एक पक्ष म्हणतो, हा इतिहासाचा खून आहे, कोणीतरी पुढे येऊन हे जहाज विकत घ्यायला हवं होतं. दुसरा म्हणतो, गंजलेलं लोखंड आहे, वितळवा आणि विसरा. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही चुकीच्या जागी भांडतात. जहाज ठेवायचं की मोडायचं हे ठरवण्याआधी एक गोष्ट विचारायला हवी होती, आणि ती 2025 मध्ये नव्हे तर त्याआधीच्या प्रत्येक विक्रीच्या वेळी: याच्या शेवटाचा खर्च कोण करणार? माझं म्हणणं सरळ आहे. जुनं छोटं प्रवासी जहाज विकायला हरकत नाही, मोडायलाही नाही. पण शेवटाची रक्कम बाजूला काढून ठेवल्याशिवाय अशा जहाजाची विक्री कायद्याने होऊच देऊ नये.

या जहाजाचं आयुष्य थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण भावना कुठून येतात ते कळल्याशिवाय वाद समजत नाही. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या गोदीत बांधलेलं हे जहाज 1946 साली पाण्यात उतरलं आणि 1948 च्या फेब्रुवारीत ‘स्टॉकहोम’ या नावाने न्यूयॉर्कच्या फेऱ्या करू लागलं. स्वीडनमध्ये तोवर बांधलेलं ते सर्वांत मोठं प्रवासी जहाज. पण उत्तर अटलांटिकवरच्या प्रवासी जहाजांत मात्र सर्वांत लहान. 25 जुलै 1956 च्या रात्री नँटकेट बेटाजवळ धुक्यात त्याची टक्कर इटलीच्या ‘आंद्रेआ डोरिया’शी झाली. दोन्ही जहाजांवर रडार होतं, तरीही. 51 माणसं गेली. आंद्रेआ डोरिया दुसऱ्या दिवशी सकाळी बुडालं. नाळ, म्हणजे पुढचं टोक, चेमटलेलं स्टॉकहोम मात्र तरंगत राहिलं, आणि ज्या जहाजाला त्याने धडक दिली होती त्यावरची 500हून अधिक माणसं घेऊन न्यूयॉर्कला परतलं.

1960 मध्ये ते पूर्व जर्मनीने घेतलं. तिथल्या कामगार संघटनेच्या महासंघाने कारखान्यातल्या कामगारांना सुट्टीच्या सफरी घडवायला ते वापरलं, नाव ‘फोल्करफ्रॉइंडशाफ्ट’. ऑक्टोबर 1962 मध्ये क्युबाभोवती अमेरिकेची नाकेबंदी असताना हेच जहाज प्रवासी घेऊन तिकडे निघालं होतं आणि त्याला अडवायचं की जाऊ द्यायचं यावर केनेडींच्या सल्लागारांत चर्चा झाली. शेवटी जाऊ दिलं. 1985 नंतर ते ऑस्लोत आश्रयार्थींचं निवासस्थान झालं. मग इटलीत गेलं, जिनोव्हाच्या गोदीत आतून पार रिकामं करून नव्याने बांधलं गेलं आणि 1994 मध्ये ‘इटालिया प्रिमा’ म्हणून बाहेर पडलं. पुढे ‘वाल्टुर प्रिमा’, ‘कारिबे’, ‘अथेना’, ‘अझोरेस’, आणि 2016 पासून ‘अस्टोरिया’. अथेना असताना 2008 साली एडनच्या आखातात चाच्यांनी घेरलं, तेव्हा खलाशांनी पाण्याचे जोरदार फवारे मारून त्यांना दूर ठेवलं. इतकं सोसलेल्या जहाजाचा लळा लागणं साहजिक आहे. मलाही त्याच्याबद्दल ओढ वाटते, आणि ती लपवून मला युक्तिवाद करायचा नाही.

पण त्याच्या शेवटच्या पाच वर्षांकडे पाहा. जून 2020 मध्ये, करोनाच्या काळात, क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस या ब्रिटिश कंपनीने भाड्याने घेतलेलं अस्टोरिया टिलबरी बंदरात उभं होतं. ब्रिटनच्या सागरी यंत्रणेने तपासणी केली आणि या कंपनीची एकामागून एक जहाजं अडकवून ठेवली, कारण खलाशांचे करार संपून गेले होते, पगार थकले होते आणि काही जण वर्षाहून अधिक काळ घरी गेले नव्हते. या खलाशांत भारतीय मोठ्या संख्येने होते, गोव्याचेही. जुलैत कंपनीचं दिवाळं वाजलं. ज्यांच्या भांड्यांत, चादरींत आणि इंजिनखोलीत त्या जहाजाचा रोजचा श्वास चालत होता, त्यांना घरी पोहोचण्यासाठी सरकारांची मनधरणी करावी लागली. वर्षाच्या अखेरीस अस्टोरिया रॉटरडॅमला नेऊन बांधलं गेलं आणि तिथेच राहिलं. विकलं जाणार, हॉटेल होणार, भंगारात जाणार, अशा बातम्या दर काही महिन्यांनी येत राहिल्या. बंदराचं भाडं, पहारा, विमा, आत झिरपणारं पाणी उपसणं हे सगळं चालूच. वाद पेटला तो जहाज निघालं तेव्हा. खरी हेळसांड त्याआधी पाच वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती, तेव्हा हा आवाज कुठे होता?

वारशाची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद सर्वांत भारी आहे, म्हणून आधी त्याच्याशीच भिडतो. ते म्हणतात, इमारत पाडली तरी जागा राहते, जहाज मोडलं की काहीच राहत नाही. नकाशे आणि छायाचित्रं पाहून जहाजाचा आकार कळतो, पण डेकवर उभं राहिल्यावर जे कळतं ते कळत नाही. हे खरं आहे. जपानमधल्या योकोहामात ‘हिकावा मारू’ आहे, 1930 सालचं. युद्धात रुग्णालय-जहाज झालेलं आणि युद्धातून वाचलेलं. 1961 पासून ते तिथल्या यामाशिता उद्यानासमोर उभं आहे आणि लोक त्यावर जातात. इंडोनेशियाच्या बिंतान बेटावर 1914 साली बांधलेलं ‘डूलोस’ हॉटेल होऊन जगलं आहे. तेव्हा हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये.

मात्र ही दोन जहाजं का जगली ते नीट बघायला हवं. हिकावा मारूचा सांभाळ एनवायके करते, म्हणजे ज्या कंपनीने ते चालवलं तीच, आणि ती जगातल्या मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक आहे. डूलोसच्या मालकाने पदरचा पैसा ओतून जहाज पाण्याबाहेर काढलं आणि जमिनीवर बसवलं. समुद्राचं पाणी पोलादाला सोडत नाही. तरंगतं संग्रहालय म्हणजे दर काही वर्षांनी कोरड्या गोदीचा खर्च, आणि तो तिकिटांतून कधीच निघत नाही. याचा धडा घ्यायला लांब जायला नको, अस्टोरिया ज्या शहरात बांधून ठेवलं होतं तिथेच तो उभा आहे. 1959 सालचं ‘रॉटरडॅम’ हे जहाज तिथल्या एका गृहनिर्माण संस्थेने विकत घेतलं, परत आणलं, हॉटेल केलं. जहाज देखणं आहे, आजही चालू आहे. पण सुरुवातीच्या अंदाजाच्या कित्येक पट, 20 कोटी युरोंहून अधिक खर्च झाला आणि संस्थेने शेवटी ते सुमारे 3 कोटींना विकलं. गरीब भाडेकरूंसाठी घरं बांधायची म्हणून निघालेल्या संस्थेचा हा पैसा होता. हे प्रकरण गाजलं, गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराची डच संसदेने जी चौकशी केली तीत ते निघालं. वारसा जपला गेला, हे कबूल. किंमत कोणी मोजली?

आणि अस्टोरियात नेमकं काय जपायचं होतं? 1994 च्या बांधणीत स्टॉकहोमची दालनं, केबिनी, यंत्रं सगळं गेलं. उरला तो सांगाडा, आणि त्याच्याही मागच्या बाजूला दोन्हीकडून नवे पोलादी फुगवटे चढवलेले. ज्यांना स्टॉकहोम पाहायचं होतं त्यांना ते 30 वर्षांपूर्वीच उपलब्ध नव्हतं. तेव्हा ‘कोणीतरी विकत घ्यायला हवं होतं’ या वाक्यातला ‘कोणीतरी’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. त्या कोणीतरीला नाव नाही, खातं नाही, 20 वर्षांचं अंदाजपत्रक नाही.

हा कोणीतरी आपल्याला चांगला ओळखीचा आहे. ‘विक्रांत’ 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली. प्रवासी जहाज नव्हे, विमानवाहू युद्धनौका. पण विक्रीचा प्रश्न हुबेहूब हाच. 1971 च्या युद्धात जिच्या विमानांनी बंगालच्या उपसागरात काम केलं ती नौका मुंबईत संग्रहालय होणार, यावर कोणाचंही दुमत नव्हतं. प्रत्येक पक्षाने पाठिंबा दिला. काही वर्षं लोकांनी ती पाहिलीही. मग 2012 मध्ये ती धोकादायक म्हणून बंद झाली. 2014 मध्ये लिलावात 60 कोटींना गेली, याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळल्या गेल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईतल्या दारूखान्याला तिची तोडणी सुरू झाली. 17 वर्षं आपण तिला ना धड जपलं ना धड निरोप दिला. भाऊबंदकीत अडकलेल्या वाड्यासारखं झालं: विकायला कोणी सही देईना आणि कौलं शाकारायला कोणी पैसे देईना.

‘विराट’च्या वेळी तरी शहाणे झालो का? 2017 च्या मार्चमध्ये ती निवृत्त झाली. 2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायचा 852 कोटींचा प्रस्ताव मंजूर केला. मालवण-वेंगुर्ल्याच्या लोकांनी त्यावर आशा बांधल्या. ते 852 कोटी आले नाहीत. 38 कोटी 54 लाखांना ती भंगारात विकली गेली आणि 2020 च्या सप्टेंबरात गुजरातमधल्या अलंगच्या, म्हणजे जहाजं मोडतात त्या किनाऱ्यावर चढली. त्यानंतर, म्हणजे किनाऱ्यावर चढल्यानंतर, गोव्यात संग्रहालय करू म्हणणारी एक कंपनी न्यायालयात गेली. फेब्रुवारी 2021 मध्ये स्थगिती मिळाली, एप्रिलमध्ये ती उठली, कारण तोवर नौकेचा मोठा भाग कापून झाला होता. प्रेम होतं यात शंका नाही. पण निवृत्तीच्या दिवशी जर नौदलाकडे, राज्याकडे किंवा कोणत्याही न्यासाकडे शेवटाचा पैसा वेगळा ठेवलेला असता, तर एक तर संग्रहालय झालं असतं, नाहीतर 2017 मध्येच सन्मानाने तोडणी झाली असती आणि तिचे निवडक भाग ठरवून जपता आले असते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. ते म्हणतात, जहाज ही खाजगी मालमत्ता आहे, बाजार जो भाव ठरवेल तो ठरवेल, इतरांनी नाक खुपसू नये. सार्वजनिक संस्थांच्या पैशाने स्वप्नं रंगवू नयेत हे त्यांचं म्हणणं मी वर मान्यच केलं आहे. पण बाजार जर सगळा हिशेब करत असता तर ‘ल्युबोव्ह ऑर्लोव्हा’चं प्रकरण घडलंच नसतं. युगोस्लाव्हियात 1976 साली बांधलेलं, शंभर-सव्वाशे प्रवाशांचं, ध्रुवीय बर्फात जाणारं हे छोटं जहाज. 2010 मध्ये कॅनडातल्या सेंट जॉन्सला देण्यांपायी जप्त झालं. खलाशांचे पगार महिनोन्महिने थकलेले; गावातल्या लोकांनी त्यांना मदत केली. दोन वर्षं धक्क्यावर पडून राहिल्यावर ते भंगारासाठी विकलं गेलं. जानेवारी 2013 मध्ये, म्हणजे उत्तर अटलांटिकच्या ऐन वादळी दिवसांत, एका जुन्या टगने ते डोमिनिकन रिपब्लिककडे ओढायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच दिवशी दोर तुटला. दुसऱ्या एका बोटीने ते पकडलं, पण कॅनडाच्या हद्दीबाहेर गेल्यावर कॅनडाच्या परिवहन विभागाने ते सोडून दिलं. माणूस नसलेलं जहाज अटलांटिकवर भरकटत गेलं आणि पुढे दिसेनासं झालं. ही विक्री बाजाराच्या सगळ्या नियमांत बसत होती. विकणारा होता, घेणारा होता, कागद होते. फक्त शेवटाचा पैसा नव्हता, म्हणून स्वस्तातला टग आला.

कॅलिफोर्नियातल्या ‘अरोरा’चीही गत अशीच. 1955 सालचं ‘वापेन फॉन हाम्बुर्ग’, युद्धानंतर जर्मनीत बांधलं गेलेलं प्रवासी जहाज. कित्येक हात बदलून ते स्टॉकटनजवळच्या एका खाडीत येऊन थांबलं. एका हौशी माणसाने 2008 मध्ये ते घेतलं आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं. त्या माणसाच्या मायेबद्दल मला आदर आहे. पण त्याच्यानंतर ते पुन्हा विकलं गेलं आणि 2024 च्या मे महिन्यात पाणी शिरून तिथेच कलंडून बसलं. खाडीत तेल पसरलं. ते निस्तरायला तटरक्षक दल आणि सरकारी यंत्रणा धावल्या. नफा झाला असता तर तो खाजगी होता. तेल मात्र सार्वजनिक पाण्यात सांडलं. मग खाजगी मालमत्तेचा मुद्दा नेमका कुठे थांबतो?

तिसरी एक बाजू आहे आणि ती मला सगळ्यात जवळची वाटते: जहाज मोडू नका, जपूही नका, चालवा. 5,000 माणसांची तरंगती शहरं जिथे शिरू शकत नाहीत अशा बंदरांत 400-500 माणसांचं जहाज जातं. नवं जहाज बांधायला लागणारं पोलाद आणि ऊर्जा वाचते. आपल्या किनाऱ्यासाठी तर हे फार मोलाचं आहे. भाऊच्या धक्क्यावरून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जाणाऱ्या बोटींवर कोकणाच्या कित्येक पिढ्या वाढल्या. ‘रोहिणी’, ‘चंपावती’, ‘कोंकणसेवक’ ही नावं अजून घरोघरी निघतात. बोट बंदराबाहेर थांबायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. ती सेवा बंद पडली तेव्हा कोकणाच्या समुद्राचा रस्ताच गेला. तो पुन्हा सुरू व्हावा असं वाटणाऱ्यांत मीही आहे, आणि लहान जहाजांखेरीज तो होणार नाही.

पण या रस्त्यावर जहाजं येतात ती कोणत्या वयात? 2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ मोठ्या थाटात सुरू झालं. ते जपानमध्ये वापरून झालेलं जहाज होतं. 2019 मध्ये मुंबईतून ‘कर्णिका’ निघालं. ते लहान नव्हे, पण 1990 साली इटलीत बांधलेलं आणि तोवर बरीच नावं बदललेलं. वर्षभरात करोना आला, कंपनी बसली, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जहाजाची विक्री झाली आणि 2020 च्या नोव्हेंबरात ते अलंगला पोहोचलं. म्हणजे युरोप, जपान आणि ऑस्ट्रेलियात उमेदीची वर्षं घालवलेली जहाजं आपल्याकडे उतारवयात येतात. हे वाईटच आहे असं नाही. चांगली देखभाल केलेलं 20 वर्षांचं जहाज सुरक्षित असू शकतं. मात्र वय वाढतं तसे नियम आवळत जातात. 1 ऑक्टोबर 2010 पासून ज्वलनशील साहित्यावरच्या आंतरराष्ट्रीय नियमामुळे लाकडी सजावटीची कितीतरी जुनी प्रवासी जहाजं एका फटक्यात बाद झाली. 2020 पासून कमी गंधकाचं इंधन सक्तीचं झालं. दर तपासणीला तळाच्या पत्र्याची जाडी मोजली जाते आणि दर खेपेला काही पत्रे बदलावे लागतात. लहान जहाजाची अडचण अशी की हा सगळा खर्च 5,000 तिकिटांवर नाही, 500 तिकिटांवर पसरायचा असतो. म्हणून एक वाईट हंगाम त्याला पुरतो. चालवा म्हणणाऱ्यांनी हे मान्य केलं पाहिजे की आपण जहाजाचं शेवटचं दशक विकत घेतोय, आणि त्या दशकाच्या टोकाला जे येणार आहे त्याची तरतूद पहिल्या दिवशीच करायला हवी.

टोकाला येतं ते बहुतेकदा अलंग. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीत 10 मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणून भरतीला जहाज जोरात किनाऱ्यावर चढवायचं आणि ओहोटीला कापायचं, हे तिथे 1983 पासून चालतं. यावर होणारी टीका खरी आहे. ॲस्बेस्टॉस, तेलाचा गाळ, गॅस कटरखाली होणारे स्फोट, परप्रांतातून आलेले मजूर. युरोपीय संघाच्या मान्यताप्राप्त तोडणी-गोद्यांच्या यादीत म्हणूनच अलंग नाही आणि म्हणूनच अस्टोरियाला गेंटला जावं लागलं. पण भंगार म्हणजे अपमान, अलंग म्हणजे कलंक, एवढ्यावर थांबणाऱ्यांना मला विचारायचंय, जहाजं तर मोडावीच लागणार. ती कुठे आणि कशी मोडायची याबद्दल तुमचं म्हणणं काय?

गेल्या वीस वर्षांत इथे बरंच बदललं आहे आणि ते आपोआप बदललेलं नाही. 2005 च्या अखेरीस फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ युद्धनौका ॲस्बेस्टॉससह अलंगकडे निघाली होती. वाद इतका झाला की 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती माघारी बोलावली. त्याच वर्षी ‘ब्ल्यू लेडी’ आलं, म्हणजे एकेकाळचं फ्रान्सचं अभिमानास्पद ‘फ्रान्स’, पुढचं ‘नॉर्वे’. ते दुरुस्तीला चाललंय असं सांगत जर्मनीतून निघालं होतं, मग मलेशिया, मग आपला किनारा. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण चाललं आणि 2007 मध्ये अटींसह तोडणीला परवानगी मिळाली. पुढे 2019 मध्ये भारताने जहाज पुनर्चक्रीकरणाचा कायदा केला, जहाजं सुरक्षितपणे मोडण्याबाबतच्या हाँगकाँग करारात सामील झाला आणि हा करार 26 जून 2025 पासून जगभर लागू झाला आहे. आता जहाजावर कुठे काय घातक आहे याची यादी लागते, गोदीला प्रमाणपत्र लागतं. पण कराराने एक गोष्ट मोकळीच सोडली आहे: पैसा. शेवटच्या फेरीआधी जहाज एखाद्या मध्यस्थाकडे जातं, त्याला व्यवहारात कॅश बायर म्हणतात. तो नाव बदलतो, कोमोरोस किंवा सेंट किट्ससारखा स्वस्त ध्वज लावतो, म्हणजे त्या देशात जहाजाची नोंदणी करतो, आणि जो जास्त भाव देईल त्याच्या प्लॉटवर जहाज चढवतो. नीट मोडणाऱ्या गोदीला खर्च जास्त येतो, म्हणून तिचा भाव कमी असतो. जोवर विकणाऱ्याला भावच दिसतो तोवर नीट मोडणारी गोदी हरत राहणार.

आणि मोडणं म्हणजे सगळं पुसणं नव्हे. त्याच ‘फ्रान्स’च्या नाळेचं टोक अलंगला कापून वेगळं ठेवलं गेलं, 2009 मध्ये पॅरिसला लिलावात गेलं आणि 2018 मध्ये ल आव्र बंदरात उभारलं गेलं, ज्या बंदरातून ते जहाज न्यूयॉर्कला जायचं. ज्यांनी आयुष्यात त्या जहाजावर पाय ठेवला नाही अशी मुलं आज त्याला हात लावून बघू शकतात. 300 मीटरचं जहाज तरंगत ठेवायला जो पैसा लागला असता त्याच्या अगदी थोड्या अंशात हे झालं. कोकणाच्या बोटींपैकी एकीची तरी घंटा, एखादं सुकाणूचाक, तिकीट-खिडकीची पाटी मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर अशी मांडली असती तर कोणाचं दिवाळं निघालं असतं?

तेव्हा करायचं काय? 25 वर्षांवरचं प्रवासी जहाज जेव्हा विकलं जाईल तेव्हा त्याच्या रिकाम्या वजनाच्या प्रमाणात एक रक्कम बँकेत ठेवावी. ती मालकाच्या नावाने नको, जहाजाच्या नावाने हवी. मालक बदलो, नाव बदलो, ध्वज बदलो, ती जहाजाबरोबर जाईल. मान्यताप्राप्त गोदीने तोडणी पूर्ण केल्याचा दाखला आला की शेवटच्या मालकाला मिळेल. संग्रहालय करणारा न्यास पुढे आला तर त्याच्या निधीत जमा होईल. जहाज सोडून मालक पळाला तर बंदर त्यातून ते ओढून नेईल. ही कल्पना माझी एकट्याची नाही. युरोपीय आयोगासमोर 2016 मध्ये जहाजांकडून पुनर्चक्रीकरणाचा परवाना-शुल्क निधी गोळा करण्याचा प्रस्ताव आला होता. तो पुढे सरकला नाही.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: स्वस्त ध्वज देणारे देश हे कधीच मानणार नाहीत. बरोबर, ते मानणार नाहीत. पण 1967 मध्ये ‘टोरी कॅनियन’ हे टँकर इंग्लंडच्या किनाऱ्यावर फुटलं आणि दोन वर्षांत तेल-प्रदूषणाच्या भरपाईचा करार झाला, ज्यात मालकाला विमा सक्तीचा झाला. 2017 पासून खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची हमी देणारं प्रमाणपत्र जहाजावर लागतं. ते ध्वज देणाऱ्या देशाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. ज्या बंदरात जहाज शिरतं तिथले अधिकारी ते मागतात आणि नसेल तर जहाज अडकवतात. बुडालेलं जहाज उचलण्याच्या खर्चाचा विमाही असाच तपासला जातो. या सगळ्यात एकच भगदाड आहे: विमा चालू जहाजाचा असतो, हप्ता थांबला की तो संपतो, आणि बांधून ठेवलेल्या दिवाळखोर जहाजाचा हप्ता कोणी भरत नाही. नेमक्या त्याच पाच-सात वर्षांसाठी ही ठेव हवी आहे.

दुसरा आक्षेप असा की यामुळे जुनी जहाजं महाग होतील आणि हौशी, धडपडे लोक ती घेऊच शकणार नाहीत. होय, काही जण घेऊ शकणार नाहीत. जो शेवटाचे पैसे ठेवू शकत नाही त्याला मधली 20 वर्षंही झेपत नाहीत, हे अरोराने दाखवलं आहे. पण ठेव परत मिळणारी आहे, त्यामुळे ज्याच्याकडे खरी योजना आहे त्याला बँक त्यावर कर्ज देईल. घटेल ती फक्त 2 लाख युरोंत 160 मीटरचं जहाज मिळतंय म्हणून भाळणाऱ्यांची संख्या.

भारताने हे सगळ्या जगाची वाट न पाहता सुरू करावं, कारण जुनी प्रवासी जहाजं आपल्याकडे दोनदा येतात: एकदा चालायला आणि एकदा तुटायला. मुंबई-गोवा मार्गावर किंवा लक्षद्वीपच्या सफरीवर यापुढे कोणी वापरलेलं जहाज आणलं, तर नोंदणी करतानाच नौवहन महासंचालनालयाने ही ठेव मागावी. न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या विक्रीत आज खलाशांच्या पगाराचा दावा कायद्याने आघाडीला आहे. त्याच्या पाठोपाठ विक्रीच्या रकमेतून ही ठेव काढावी आणि मगच उरलेलं बँकांना आणि इतर देणेकऱ्यांना वाटावं. बँका विरोध करतील, कारण त्यांचा वाटा घटेल. पण 30 वर्षांच्या जहाजावर कर्ज देताना ते एक दिवस मोडायचं आहे हे त्यांनाही माहीत असतं, आणि तो खर्च धरूनच त्यांनी कर्जाचा आकडा ठरवला पाहिजे.